शाळेची थकबाकी

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला बोलण्याची विनंती केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही बँकेतले कारकून. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. कला शाखेची एक साधी पदवी आहे. दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे आमचे रोजचे काम. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मग हिशेबाचंच बोला की!" म्हणून आज आम्ही एका हिशेबावरच बोलणार आहोत. करोनाच्या काळात आपल्या मुलांचे जे शिक्षण बुडाले, त्याची थकबाकी किती होती, ती कोणत्या शाळेने किती फेडली आणि अजून ती कोणाच्या नावावर उभी आहे, असा हा हिशेब आहे.

हा विषय निवडण्याचे कारणही सांगितले पाहिजे. गेल्या सर्वसाधारण सभेत काही सभासदांनी अशी सूचना मांडली की, संस्थेचा विद्यार्थी निधी यापुढे आपल्या मुलांना खाजगी इंग्रजी शाळेची फी भरण्यासाठी द्यावा. कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत आता काही राहिले नाही. सूचना मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. आम्ही स्वतः आमच्या मुलीला अशाच शाळेत घातले आहे, त्यामुळे दुसऱ्याला बोलण्याचा अधिकार आम्हाला कमीच. पण निधी एकदा खर्च झाला की परत येत नाही. निर्णयापूर्वी हिशेब तपासावा, एवढीच आमची विनंती आहे.

काउंटरवरचा प्रसंग

मध्यंतरी आमच्या काउंटरवर एक मावशी आपल्या मुलाला घेऊन आल्या. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले होते, ते काढायचे होते. मावशी अंगठा लावणाऱ्या. आम्ही मुलाला विचारले, "कितवीला आहेस बाळा?" तो म्हणाला, "सातवीला." आम्ही म्हणालो, "मग आईची स्लिप तूच भर. अक्षरी लिही, पाचशे रुपये." मुलाने पेन हातात घेतले आणि तो तसाच उभा राहिला. 'पाचशे' हा शब्द त्याला लिहिता येईना. मागे रांग वाढू लागली. मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, लेकरू हुशार हाये, पण दोन वर्सं शाळाच नव्हती. मंग तसंच पुढं पुढं ढकलीत गेले."

स्लिप आम्ही भरून दिली. पण घरी आल्यावर बोटे मोजली. २०२५-२६ च्या वर्षात सातवीत बसलेले मूल २०२०-२१ साली दुसरीत होते. ज्या वर्षी मूल अक्षरांवरून शब्दांवर आणि शब्दांवरून वाक्यांवर येते, नेमक्या त्याच वर्षी शाळेला कुलूप होते.

कुलूप किती दिवस होते?

माणूस वाईट दिवस लवकर विसरतो, म्हणून तारखा सांगतो. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडू लागले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. दुसरी लाट आली आणि पुन्हा सर्व बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीच्या पुढचे वर्ग भरू लागले. पहिली ते चौथीची मुले मात्र १ डिसेंबर २०२१ रोजी शाळेत आली. म्हणजे सर्वांत लहान मुले सर्वांत जास्त काळ, वीस महिन्यांहून अधिक, घरी होती. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात, आणि त्यांत आपल्या समाजाची कुटुंबे कमी नाहीत. २०२१-२२ चा गाळप हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला होता. १ डिसेंबरला लहान मुलांच्या शाळेची घंटा वाजली, तेव्हा ही लेकरे कोठे होती? फडावर. त्या वर्षी मराठवाड्यात ऊस इतका अतिरिक्त झाला की हंगाम जूनपर्यंत लांबला. कागदावर शाळा उघडली, पण या मुलांच्या दृष्टीने ती जून २०२२ पर्यंत बंदच होती.

बँकेतही त्या काळात एक गोष्ट घडली होती. मार्च २०२० च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते प्रथम तीन महिने व पुढे ३१ ऑगस्टपर्यंत स्थगित ठेवण्याची मुभा दिली. पुष्कळ कर्जदारांना वाटले, हप्ता माफ झाला. प्रत्यक्षात हप्ता थांबला होता. व्याज चालूच होते. शाळेतही तेच झाले. परीक्षा थांबल्या, मुले वरच्या वर्गात गेली. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षा झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पालकांना वाटले, निभावले. पण व्याज चालूच होते. आले नाही ते वेगळेच. जे येत होते तेही मुले विसरत होती. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील सुमारे सोळा हजार मुलांची पाहणी केली. मागील वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले गमावून बसली होती, आणि गणिताचे ८२ टक्के.

ही थकबाकी सर्वांच्या नावावर सारखी पडली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत एक पाहणी झाली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के निघाली. त्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या घरांत हे प्रमाण ४ टक्के, तर इतरांच्या घरांत १५ टक्के. शिक्षण मोबाईलवर गेले, पण मोबाईल कोणाच्या घरात होता? राज्य शासनाने 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असे अभियान चालवले, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका दाखवली. प्रयत्न चांगला होता. पण ज्या घरात टीव्ही नाही त्या घरातल्या मुलाने काय करावे?

मित्रहो, १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत परत जातात, हे त्यांनी सरकारच्या लक्षात आणून दिले होते. आज मुले शाळेतून गळत नाहीत. पटावर नाव असते, पोषण आहार असतो, गणवेश असतो. पण शाळेत बसूनही मूल निरक्षरतेकडे परत जाऊ शकते, हे करोनाने आपल्याला दाखवले.

तीन प्रकारच्या शाळा

आता फेडीचा विचार करू. आपल्या जिल्ह्यात मुख्यतः तीन प्रकारच्या शाळा आहेत. पहिली जिल्हा परिषदेची: इमारत, शिक्षक, पगार सर्व सरकारी. दुसरी अनुदानित: चालवणारी संस्था खाजगी, पण शिक्षकांचा पगार सरकारचा. इंग्रजांच्या मुलखात ही अनुदानाची रीत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रुळली. आपली बहुतेक मुले जिल्हा परिषदेची शाळा संपली की अशाच माध्यमिक विद्यालयात जातात. तिसरी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे पालकांच्या फीवर चालणारी. २०१२ च्या कायद्यानंतर हिची संख्या फार वाढली, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या पाटीवर 'इंग्लिश स्कूल' असते.

अमेरिकेतही असाच एक वाद चालू असतो. तेथे 'चार्टर शाळा' म्हणून प्रकार आहे. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा. आपल्या अनुदानित शाळेची दूरची बहीणच म्हणा. १९९१ साली मिनेसोटा राज्याने त्यासाठी कायदा केला व पुढच्या वर्षी पहिली शाळा उघडली. करोनाच्या पहिल्या वर्षी अशा शाळांचा पट सुमारे सात टक्क्यांनी वाढला, तर नेहमीच्या सरकारी शाळांचा घटला. तरीही २०१९ ते २०२२ या काळात आठवीच्या मुलांचे राष्ट्रीय चाचणीतील गणिताचे सरासरी गुण ५०० च्या मोजपट्टीवर आठने खाली आले. अभ्यासकांनी ठिकठिकाणचा हिशेब मांडला तेव्हा असे आढळले की गरीब वस्त्यांत नुकसान अधिक झाले आणि जेथे शाळा जास्त दिवस बंद होत्या तेथेही अधिक झाले. एवढ्या श्रीमंत देशातही गरिबाच्या मुलाचेच अधिक बुडाले, हे आपण ध्यानात ठेवावे.

आकडे काय सांगतात?

आपल्या देशात 'असर' नावाचा अहवाल निघतो. कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघर जातात, मुलासमोर दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट ठेवतात आणि वाचायला सांगतात. परीक्षा एवढीच. २०१८, २०२२ आणि २०२४ अशा तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर करोनापूर्वी, करोनानंतर लगेच आणि आणखी दोन वर्षांनी अशी तीन चित्रे दिसतात.

प्रथम पाचवीची मुले घेऊ. देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीतील ४४.२ टक्के मुलांना २०१८ साली ती दुसरीची गोष्ट वाचता येत होती. २०२२ साली हे प्रमाण ३८.५ वर आले. २०२४ साली ते ४४.८ झाले; म्हणजे घसरण भरून निघाली. खाजगी शाळांत २०१८ साली ६५.१ टक्के होते, २०२२ साली ५६.८ आणि २०२४ साली ५९.३. म्हणजे खाजगी शाळा आजही वर आहेत, पण करोनापूर्वीच्या पातळीला २०२४ पर्यंत पोहोचल्या नव्हत्या. तिसरीचेही तसेच. सरकारी शाळांत २०.९ वरून १६.३ आणि तेथून २३.४, खाजगी शाळांत ४०.६ वरून ३३.१ आणि तेथून ३५.५. सरकारी शाळांतील तिसरीच्या वाचनात २०२२ नंतर मोठी वाढ दाखवणाऱ्या राज्यांत आपल्या महाराष्ट्राचीही गणना त्या अहवालात आहे.

हे आकडे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडी शरमही वाटली. कारण 'झेडपीत काही राहिले नाही' हे वाक्य आमच्याही तोंडी होते.

तथापि, बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाने सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. शाखेची सरासरी शिल्लक वाढली म्हणजे प्रत्येक खातेदार श्रीमंत झाला असे नव्हे. कधी कधी नवे खातेदार आलेले असतात. करोनात लोकांचे रोजगार गेले, फी भरवेना, तेव्हा खाजगी शाळांतून पुष्कळ मुले सरकारी शाळेत आली. ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाची सरकारी शाळेत जाणारी मुले २०१८ साली ६५.६ टक्के होती, ती २०२२ साली ७२.९ टक्के झाली आणि २०२४ साली पुन्हा ६६.८ वर आली. मुले आली, गेली. त्यामुळेही आकडे थोडे हलतात. शिवाय खाजगी शाळेतल्या मुलाच्या घरी बहुधा शिकलेले आईबाप असतात, शिकवणी असते. त्या उंचीचे सारे श्रेय शाळेला देता येत नाही, आणि सरकारी शाळेच्या कमीपणाचा सारा दोषही शाळेला देता येत नाही.

आणखी एक. ४४.८ टक्के म्हणजे आनंदोत्सव नव्हे. सरकारी शाळांत पाचवीच्या शंभर मुलांपैकी पंचावन्न मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, असाही त्याचा अर्थ आहे. थकबाकी फिटली खरी, पण मूळची गरिबी तशीच राहिली.

फेड कशी झाली?

मग जेथे फेड झाली तेथे काय केले गेले? आम्ही आमच्या घरातली गोष्ट सांगतो.

आमची मुलगी २०२० साली इंग्रजी शाळेत दुसरीत गेली. शाळा बंद होती, फी चालू होती. ऑनलाइन वर्ग मोबाईलवर, आणि मोबाईल आमच्या खिशात. बँक अत्यावश्यक सेवेत असल्याने आम्ही रोज कामावर. संध्याकाळी घरी येईपर्यंत वर्ग संपलेला असे. गृहपाठ आईने करायचा, फोटो आम्ही पाठवायचा, आणि शेरा यायचा 'उत्तम'. प्रगतिपुस्तकावर सगळीकडे 'ए' श्रेणी. २०२२ च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. तेथे आमच्या धाकट्या भावाचा मुलगा, तिच्याच वयाचा, जिल्हा परिषद शाळेत शिकणारा. आमच्या आईने सहज वर्तमानपत्र पुढे केले, "वाचा रे लेकरांनो." तो अडखळत, बोट ठेवीत, पण वाचत गेला. आमची मुलगी दोन शब्द वाचून थांबली. इंग्रजी पुस्तक दिले, तर ओळ पाठ होती, अर्थ नव्हता.

आम्ही भावाला विचारले, "तुमच्या गुरुजींनी केलं तरी काय?" तो म्हणाला, "दादा, गुरुजींनी पुस्तकच बाजूला ठेवलं."

दुसऱ्या दिवशी गुरुजींना भेटलो. त्यांनी सांगितले ते असे. शाळा बंद असतानाच ते समाजमंदिराच्या ओट्यावर दहा-दहा मुले लांब लांब बसवीत. शाळा उघडल्यावर त्यांनी कोण कितवीत आहे हे विचारलेच नाही. प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून वाचायला लावले. ज्याला अक्षर येत नाही तो एका गटात, अक्षर येते पण शब्द जुळत नाही तो दुसऱ्या गटात, शब्द येतो पण परिच्छेद येत नाही तो तिसऱ्यात. तिसरीचे मूल आणि पाचवीचे मूल एका गटात बसले तरी चालेल. रोज सकाळचा एक तास फक्त वाचनाचा. बाराखडीचा तक्ता, मग लहान लहान गोष्टी, मोठ्याने वाचणे, पाटीवर लिहिणे. महिन्याने पुन्हा तपासणी, आणि जो पुढे गेला त्याचा गट बदलायचा. शासनाचा जुलै २०२१ मधील पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही त्यांनी घेतला होता, पण ते म्हणाले, "सेतू चांगला होता, पण तो मागच्या वर्षाच्या अभ्यासापासून सुरू होतो. आमची लेकरं त्याच्याही मागं होती. आधी त्यांना पुलापर्यंत तर आणावं लागतं!"

ही रीत त्या गुरुजींनी शोधलेली नाही. 'प्रथम' संस्था आपल्या देशात ती कित्येक वर्षे राबवीत आली आहे, आणि २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचाही भर लहान वर्गांतील वाचन आणि अंकज्ञान यांवरच आहे. गुरुजींनी ती मनापासून केली, एवढेच.

याचा अर्थ जिल्हा परिषदेची प्रत्येक शाळा अशीच आहे असे आम्ही म्हणत नाही. एका दुसऱ्या गावात आम्ही पाहिले, शाळा उघडल्याच्या पहिल्या दिवसापासून पुस्तकाचा पहिला धडा सुरू, आणि वर्षअखेरीस शेवटचा धडा पूर्ण. अभ्यासक्रम संपला, मुले जेथल्या तेथे. शिक्षकांचाच दोष होता असेही नाही. त्यांना करोनाच्या सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यावर आणि आणखी कशाकशाला पाठवलेले. उलट खाजगी व्यवस्थापनाच्या शाळेनेही मन लावले तर काय होते, याचे उदाहरण सोलापूरचे आहे. तेथील नीलमनगर या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्या घरात मोबाईल नाही त्या घरातले मूल गल्लीतून जाता जाता शिकले.

तेव्हा फेड पाटीने होत नाही, हा आमचा पहिला निष्कर्ष. मूल कितवीत आहे हे न विचारता, त्याला काय येते हे ज्याने विचारले, त्याच्याकडे फेड झाली. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांनी हे विचारले. आमच्या मुलीच्या शाळेने विचारले नाही आणि, खरे बोलायचे तर, आम्हीही विचारले नाही. आम्ही श्रेणी पाहत राहिलो.

मुलीची शाळा आम्ही बदलली नाही. तेवढे धैर्य आम्हाला झाले नाही, हे कबूल करतो. पण दिवाळीनंतर रोज रात्री जेवणापूर्वी अर्धा तास तिच्या आईने आणि आम्ही तिला अक्षरांपासून वाचायला बसवले. सहा महिने लागले. आज ती वर्तमानपत्र वाचते.

थकबाकी कोणाच्या नावावर?

आता हिशेबाचा शेवटचा रकाना. २०२४ साली तिसरीत असलेली मुले शाळा उघडल्यानंतर पहिलीत आलेली होती. त्यांची वाढ चांगली, पण ती नवी मुले. २०२४ साली आठवीत असलेली मुले मात्र २०२०-२१ साली चौथीत होती. देशात आठवीच्या मुलांचे त्याच दुसरीच्या गोष्टीचे वाचन २०१८ साली सुमारे ७३ टक्के होते, २०२२ साली ६९.६ झाले आणि २०२४ साली ७१.१. येथे फेड पूर्ण झालेली नाही.

याचे कारण साधे आहे. अभियाने निघाली ती बहुतेक लहान वर्गांसाठी. मोठे मूल माध्यमिक विद्यालयात गेले. तेथे विज्ञानाचे शिक्षक विज्ञान शिकवतात, इतिहासाचे इतिहास. सातवी-आठवीच्या मुलाला अक्षर ओळखता येते का, हे पाहणे तेथे कोणाचेच काम नाही. आणि ते मूल स्वतः सांगणार नाही, कारण त्याला लाज वाटते. काउंटरवर पेन हातात धरून उभा राहिलेला तो मुलगा तोंडाने काहीच बोलला नव्हता. अशा मुलाला नापास करून उपयोग नाही, पुढे ढकलूनही उपयोग नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर असताना आपला जिल्हा सुमारे दहा टक्क्यांनी मागे होता. तो आणखी मागे पडायचा नसेल, तर आज सहावी ते नववीत असलेली मुले आपल्याला गाठलीच पाहिजेत.

संस्थेने काय करावे?

म्हणून निधीविषयी आमच्या सूचना अशा.

पहिली: निधी फीसाठी देऊ नये. एका मुलाच्या वर्षाच्या फीत एका वस्तीतली पंचवीस मुले वाचायला शिकू शकतात. ज्या पालकांना खाजगी शाळा हवी त्यांनी अवश्य घालावे. पण संस्थेचा पैसा पंचवीस जणांचा आहे.

दुसरी: आपल्या विहारात आणि समाजमंदिरांत संध्याकाळी एक तास वाचनवर्ग सुरू करावा. फळा, बाराखडीचे तक्ते, गोष्टींची शे-दोनशे पुस्तके, दिव्याचे बिल आणि शिकवणाऱ्यास थोडे मानधन, खर्च एवढाच. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे नव्हे, वाचनाप्रमाणे पाडावेत. सहावी ते नववीच्या मुलांना लहानांत बसवू नये, त्यांची वेळ वेगळी ठेवावी. त्यांची लाज आपण राखली पाहिजे.

तिसरी: प्रत्येक मुलाचे एक पासबुक ठेवावे. पहिल्या दिवशी काय वाचता आले, महिन्याने काय, तीन महिन्यांनी काय, तारखेसह लिहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाच्या पासबुकात जाण्याची आणि येण्याची तारीखही लिहावी, आणि दिवाळीपूर्वीच हंगामी वसतिगृहाची चौकशी करून शक्य तेवढ्या मुलांना गावातच ठेवावे.

चौथी: शाळेकडे पाठ फिरवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असे ठरवले आहे. आपल्यापैकी किती जण त्या सभेला जातात? सही करायला शिपाई घरी येतो आणि आपण सही करतो. पुढच्या सभेला जाऊन एकच प्रश्न विचारावा, "गुरुजी, आमच्या वस्तीतल्या किती लेकरांना वाचता येतं?" पट कमी झाला की शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते. आपणच मुले काढून घेतली तर ती शाळा वाचवायला कोण जाणार? आणि ती बंद झाली तर ऊसतोड्याच्या लेकराने कोठे जावे?

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. आज तुमचा गुणगौरव आहे. तुमच्यापैकी ज्यांनी २०२५ साली दहावी दिली, ते २०२०-२१ साली सहावीत होते. म्हणजे तुम्हीही ही थकबाकी डोक्यावर घेऊनच निघाला होतात आणि ती फेडून येथे बसला आहात. ती कशी फेडली हे तुमच्याइतके आम्हा कोणालाच ठाऊक नाही. या वर्गांना शिकवणारे बाहेरून आणण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ तुम्ही द्या. ज्याला स्वतः अडखळल्याची आठवण आहे, त्याच्यासमोर अडखळायला लहान भावंडाला लाज वाटत नाही.

कार्यकारिणीची पुढील बैठक पौर्णिमेनंतर आहे. त्या बैठकीत या सूचनांवर साधकबाधक विचार व्हावा, आमचे काही चुकत असेल तर ज्येष्ठांनी दुरुस्त करावे. विहाराच्या वर्गात पहिल्या महिन्याच्या संध्याकाळी आम्ही स्वतः बसू, एवढे मात्र आज येथे कबूल करतो. त्या मावशींचा पत्ता शिपायाकडून मिळाला आहे. पहिले पासबुक त्या मुलाच्या नावे उघडू.



नमो बुद्धाय! जय भीम!